आयर्लंड 2018: आठवी घटनादुरुस्ती कशी रद्द झाली

1983 मध्ये आयर्लंडच्या मतदारांनी गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत लिहून ठेवली, तेव्हा तिच्या बाजूने 66.9 टक्के मते पडली. 2018 मध्ये त्याच देशाने ते कलम काढून टाकले, तेव्हा काढण्याच्या बाजूने 66.4 टक्के मते पडली. मध्ये पस्तीस वर्षे गेली.

आपल्याकडे 2018 च्या या निकालाच्या बातम्यांत लिओ वराडकर पुढे होते. आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान, मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड, वडील अशोक वराडकर मुंबईहून तिकडे गेलेले डॉक्टर, आई आयरिश परिचारिका. कोकणातल्या माणसाला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण प्रकरण समजून घ्यायचे तर सुरुवात वराडपासून करून चालत नाही, ती बेळगावपासून करावी लागते. आणि श्रेय वाटायला बसलो तर पंतप्रधानांच्या आधी 99 साध्या नागरिकांची पाळी येते. डब्लिनजवळच्या मॅलाहाइडमधल्या एका हॉटेलात शनिवार-रविवार बसून त्यांनी डॉक्टरांना आणि वकिलांना प्रश्न विचारले होते. 25 मे 2018 चे मतदान प्रचाराने जिंकले असे मला वाटत नाही. प्रश्न लोकांपुढे ठेवण्याआधी त्याची जी तयारी झाली, तिने ते जिंकले. हे मी का म्हणतो, ते पुढे येईलच.

कलमाची कहाणी

आयर्लंडची राज्यघटना 1937 ची. आपल्या घटनाकारांनी राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे तिच्यावरूनच घेतली. एका बाबतीत मात्र ती आपल्याहून कडक आहे. आपल्याकडे घटना बदलायला संसदेत विशेष बहुमत पुरते, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती लागते. आयर्लंडमध्ये एक शब्द बदलायचा असला तरी संसदेच्या दोन्ही सभागृहांनंतर देशभर सार्वमत घ्यावे लागते. एखादी गोष्ट एकदा घटनेत गेली की ती बाहेर काढायला पुन्हा मतदारांच्याच दारात जावे लागते.

गर्भपात तिथे आधीपासूनच गुन्हा होता. ब्रिटिशांच्या 1861 च्या फौजदारी कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेतल्या गर्भपाताच्या कलमांचाही काळ साधारण तोच. भारताने 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा करून वाट मोकळी केली. त्यामागच्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. आयर्लंड मात्र उलट दिशेने गेला. अमेरिकेत न्यायालयाने गर्भपाताला मान्यता दिली, तसे उद्या आपलीही न्यायालये करतील, या धास्तीने तिथल्या कॅथलिक संघटनांनी 1981 पासून घटनादुरुस्तीची मोहीम चालवली. तत्कालीन महाधिवक्ता पीटर सदरलँड यांनी मसुद्याचे शब्द संदिग्ध आहेत, यातून गोंधळ होईल, असे सरकारला बजावले होते. ऐकले गेले नाही. 7 सप्टेंबर 1983 ला आठवी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि कलम 40.3.3 जन्माला आले. त्याचा आशय असा: न जन्मलेल्याला जगण्याचा हक्क आहे, आईलाही तेवढाच हक्क आहे, आणि राज्य पहिल्याचे रक्षण करील.

दोन जिवांना समान हक्क असे कागदावर लिहिणे सोपे. दोघांपैकी एकच वाचू शकतो, किंवा एक वाचणारच नाही हे ठरलेले आहे, अशा वेळी डॉक्टरने काय करायचे, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नव्हते.

सदरलँड यांचा इशारा 1992 मध्ये खरा ठरला. बलात्कारातून गरोदर राहिलेली 14 वर्षांची एक मुलगी गर्भपातासाठी आईवडिलांसोबत इंग्लंडला गेली होती. सरकारने उच्च न्यायालयातून तिच्याविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. मुलगी आत्महत्येच्या काठावर होती. देश हादरला. सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मताने मनाई उठवली आणि आईच्या जिवाला खरा, ठोस धोका असेल तर, आणि त्यात आत्महत्येचा धोकाही आला, गर्भपात करता येईल असे म्हटले. पण हा निर्णय कायद्यात उतरवायला कोणतेही सरकार धजावले नाही. एक नाही, दोन नाही, एकवीस वर्षे. दरम्यान 1992 च्या नोव्हेंबरात आणखी तीन प्रश्नांवर सार्वमत झाले. गर्भपातासाठी परदेशी जायला आणि तिथली माहिती मिळवायला लोकांनी मोकळीक दिली. आत्महत्येचे कारण वगळण्याचा प्रस्ताव त्यांनी फेटाळला, आणि 2002 मध्ये तो पुन्हा आला तेव्हा अगदी निसटत्या फरकाने पुन्हा फेटाळला.

परदेशी जायला परवानगी मिळाल्यामुळे प्रश्न देशाबाहेर ढकलता आला. 1980 पासून सुमारे 1,70,000 आयरिश स्त्रिया ब्रिटनला जाऊन गर्भपात करून आल्या. एकट्या 2016 मध्ये इंग्लंड-वेल्सच्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या 3,265 होत्या. ज्यांच्या पोटातले मूल जन्मताच जाणार हे तपासणीत कळले होते, अशी जोडपी लिव्हरपूलला जात आणि रिकाम्या हातांनी बोटीने किंवा विमानाने परत येत. काहींच्या बाळाच्या अस्थी नंतर कुरियरने घरी आल्या. हे मी ऐकीव म्हणून सांगत नाही. ही माणसे पुढे संघटित झाली आणि नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलली. त्यांच्यातल्या एका स्त्रीच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने 2016 मध्ये आयर्लंडने तिला क्रूर वागणूक दिल्याचा निष्कर्ष काढला. सरकारने तिला 30,000 युरो भरपाई दिली आणि कलम तसेच राहिले.

गॉलवे, ऑक्टोबर 2012

सविता हलप्पनवार बेळगावची. व्यवसायाने दंतवैद्य, वय 31, लग्नानंतर पतीसोबत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात राहायला गेलेली. पहिलेच बाळंतपण, सतरावा आठवडा.

21 ऑक्टोबरला, रविवारी, पाठ दुखते म्हणून ती विद्यापीठ रुग्णालयात गेली. घरी पाठवले. त्याच दिवशी ती परत आली. गर्भ आपोआप पडणार आणि ते टळणार नाही, असे निदान झाले. रक्त तपासायला घेतले. पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या, म्हणजे जंतुसंसर्गाची पहिली खूण त्या अहवालात होती. तो अहवाल कोणी वेळेत पाहिला नाही. मध्यरात्रीनंतर पाणमोट फुटली. यानंतर दर चार तासांनी नाडी, ताप, रक्तदाब बघायला हवा होता. तेही नियमाने झाले नाही.

मंगळवारी तिने आणि पतीने विचारले: मूल वाचणार नाही हे ठरलेच आहे, तर मोकळे करा. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर कायद्याने करता येत नाही, असे उत्तर मिळाले. हा कॅथलिक देश आहे, असेही एक परिचारिका बोलली. मृत्यूच्या न्यायिक चौकशीत तिने ते कबूल केले, मन दुखवायचा हेतू नव्हता असेही सांगितले. मला त्या बाईवर राग धरवत नाही. समोरच्या परक्या मुलीला आपल्या देशाचा नियम समजावून सांगण्याचा तिचा तो प्रयत्न होता. नियमच तसा होता.

बुधवारी सकाळी सविताला हुडहुडी भरली. सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गातून अंगभर पसरणारा जीवघेणा विकार, झाल्याचे लक्षात आले. दुपारी गर्भ आपणहून पडला. तिला अतिदक्षता विभागात हलवले. 28 ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर ती गेली.

चौकशीत प्रसूतितज्ज्ञ पीटर बॉयलन यांची साक्ष महत्त्वाची ठरली. सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात केला असता तर ती बहुधा वाचली असती. पण त्या दोन दिवशी तिच्या जिवाला धोका दिसत नव्हता, म्हणून कायद्याने तो करता येत नव्हता. बुधवारी धोका दिसला तेव्हा उशीर झाला होता. याच सतराव्या आठवड्यात ती बेळगावात असती, तर दोन डॉक्टरांच्या मताने 1971 च्या भारतीय कायद्यात ही गोष्ट बसली असती.

इथे अभ्यासकाने प्रामाणिक राहायला हवे. सविताचा जीव एकट्या कायद्याने घेतला असे म्हणणे पुरेसे नाही. आरोग्य नियामक संस्थेच्या अहवालाने वेगवेगळ्या टप्प्यांवर हुकलेल्या 13 संधी दाखवल्या. रक्ताचा न पाहिलेला अहवाल, न घेतलेल्या नोंदी, कर्मचाऱ्यांची पाळी बदलताना न दिलेली माहिती. कलम राहावे असे म्हणणाऱ्यांनी पुढे याच गोष्टीवर बोट ठेवले: हलगर्जीपणाचे खापर घटनेवर का फोडता? प्रा. सबरत्नम अरुलकुमारन यांच्या चौकशी अहवालात याचे उत्तर आहे. कायद्याच्या धाकाने डॉक्टर हातावर हात ठेवून वाट बघत होते, आणि ज्या वाट बघण्यात रुग्णावर बारीक लक्ष हवे होते, तिथेच लक्ष नव्हते. दोन्ही दोष एकमेकांत गुंतलेले होते. जिवाला धोका किती वाढला की हात लावायचा, हे डॉक्टरला खाटेशी उभे राहून घटनेच्या भाषेत ठरवावे लागत होते, आणि चुकला तर मागे फौजदारी कायदा उभा होता.

बातमी 14 नोव्हेंबरला छापून आली. डब्लिन, गॉलवे, कॉर्कमध्ये लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. भारताने आयर्लंडच्या राजदूतांना बोलावून घेतले. 2013 मध्ये जिवाला धोका असताना गर्भपाताची परवानगी देणारा कायदा अखेर झाला, पण घटनेच्या चौकटीतच. त्याबाहेरच्या गर्भपाताला 14 वर्षांपर्यंत तुरुंगवास. दीड वर्षाच्या आत त्या कायद्याच्या मर्यादा उघड्या पडल्या. डिसेंबर 2014 मध्ये मेंदू मृत झालेल्या एका गरोदर स्त्रीचा देह, तिच्या वडिलांची विनंती असूनही, डॉक्टरांनी यंत्रावर ठेवला. यंत्र काढले तर गर्भाच्या हक्काचा भंग होईल का, हे त्यांना कळेना. नाताळच्या दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाला यंत्र बंद करण्याची परवानगी द्यावी लागली.

हॉटेलातली 99 माणसे

या टप्प्यावर कोणत्याही राजकीय पक्षाला हा प्रश्न अंगावर घ्यायचा नव्हता. दोन्ही मोठ्या पक्षांत, फिने गेल आणि फियना फॉइलमध्ये, दोन्ही मतांचे लोक होते. 2016 च्या निवडणुकीनंतर एंडा केनी यांच्या सरकारने प्रश्न नागरिक सभेकडे सोपवला. कलम हटवू पाहणाऱ्या चळवळीतल्या अनेकांना ही टोलवाटोलवी वाटली. 8 मार्च 2017 ला त्यांनी डब्लिनमधला ओ'कॉनेल पूल अडवला तो याच रागातून. त्यांचा राग समजण्यासारखा होता. तरीही पुढचे सगळे या सभेमुळे घडले असे मी मानतो, आणि म्हणून इथे थोडे थांबतो.

सभेत 99 नागरिक आणि अध्यक्ष म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी लाफॉय. नागरिक निवडले एका सर्वेक्षण कंपनीने, जनगणनेशी ताडून: वय, लिंग, प्रांत, सामाजिक वर्ग. आमदार-खासदार एकही नाही. 2015 च्या समलिंगी विवाहाच्या सार्वमताआधीही अशी सभा बसली होती, पण तिच्यात एक तृतीयांश राजकारणी होते. या वेळी तेही नव्हते. मानधन नव्हते, फक्त प्रवास-निवासाचा खर्च. पहिली बैठक 15 ऑक्टोबर 2016 ला डब्लिन कॅसलमध्ये झाली, नंतरच्या मॅलाहाइडमध्ये. आठव्या घटनादुरुस्तीसाठी पाच शनिवार-रविवार दिले गेले.

कामाची रीत साधी होती. गोल टेबलांभोवती सात-आठ जण, प्रत्येक टेबलाशी चर्चा सांभाळणारा एक आणि नोंद घेणारा एक. आधी तज्ज्ञाचे भाषण: भ्रूणाची वाढ कशी होते, कोणती व्यंगे कोणत्या आठवड्यात कळतात, इतर देशांत कायदा काय आहे, नीतिशास्त्र काय म्हणते. मग टेबलावर चर्चा. मग त्या चर्चेतून निघालेले प्रश्न तज्ज्ञाला, सगळ्यांसमोर. दोन्ही बाजूंच्या संघटना आल्या. गर्भपात केलेल्या आणि त्याचा विचार करून न केलेल्या स्त्रियांच्या ध्वनिमुद्रित कथनांना तिथे जागा मिळाली. बाहेरच्या लोकांकडून सुमारे 13,000 निवेदने आली. सगळ्या जाहीर सत्रांचे थेट प्रक्षेपण होत होते.

एप्रिल 2017 मध्ये मतपत्रिका वाटल्या गेल्या. 87 टक्के सदस्यांनी कलम आहे तसे ठेवू नये म्हटले. आणि 64 टक्के सदस्यांनी, कारण न विचारता, ठराविक आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा असावी असे सांगितले. राजकारणी हबकले. सभा फार तर बलात्कार आणि मरणासन्न गर्भ एवढ्यापुरती सूट सुचवील असा त्यांचा अंदाज होता. सभा लोकांपासून तुटलेली आहे, मुद्दाम अशी माणसे निवडली, अशी टीका झाली. वर्षभराने देशाने जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात मत दिले.

सभेचा अहवाल मग संसदेच्या संयुक्त समितीकडे गेला. सिनेटर कॅथरीन नून अध्यक्ष होत्या. या समितीने केलेले एक काम फारसे लोकांना माहीत नाही, पण सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे. बलात्कारपीडितेला सूट द्यायची हे बहुतेकांना मान्य होते. मग पुढचा प्रश्न: बलात्कार झाला हे ठरवायचे कोणी, आणि किती दिवसांत? पोलिसांत तक्रार न केलेल्या मुलीचे काय? खटला उभा राहीपर्यंत मूल जन्माला येईल. वकील आणि डॉक्टर यांच्या साक्षी ऐकल्यावर समिती या निष्कर्षाला आली की पीडितेला पुन्हा पुरावा मागायचा नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत कोणालाच कारण विचारता कामा नये. शिवाय गर्भपाताच्या गोळ्या परदेशातून मागवून स्त्रिया घरी, डॉक्टरशिवाय, भीत भीत घेतच होत्या. 12 आठवड्यांची मर्यादा या दोन अडचणींतून आली. डिसेंबर 2017 मध्ये समितीने ती शिफारस केली.

जानेवारी ते मे

2018 उजाडले ते या तयारीवर.

18 जानेवारीला विरोधी पक्षनेते मिहॉल मार्टिन संसदेत उभे राहिले. फियना फॉइल हा परंपरेने कॅथलिक, ग्रामीण मतदारांचा पक्ष, आणि 1983 चे शब्द मूळचे त्याच्याच सरकारचे. मार्टिन स्वतः आजवर कलमाच्या बाजूने मत देत आले होते. समितीपुढच्या साक्षी वाचून आपले मत बदलले, कलम हटवावे आणि 12 आठवड्यांची शिफारस स्वीकारावी, असे त्यांनी सांगितले. पक्षातला मोठा गट चिडला, पुढे त्यातल्या अनेकांनी उघडपणे विरोधात प्रचार केला. त्या वर्षातले सर्वांत धाडसी भाषण मी हेच मानतो. वराडकरांचेही मत बदललेलेच होते. 2010 च्या सुमारास ते गर्भपाताच्या विरोधात बोलत, 2014 मध्ये आरोग्यमंत्री झाल्यावर कलम फार जाचक आहे म्हणू लागले. 29 जानेवारीला मंत्रिमंडळाने सार्वमताचा निर्णय घेतला. उपपंतप्रधान सायमन कोव्हनी मात्र 12 आठवड्यांवर अडले होते. नंतरच्या सरकारांना कायदा सैल करायला संसदेत दोन तृतीयांश बहुमत लागावे, अशी अट त्यांनी सुचवली. ती घटनेत बसत नाही, असा सल्ला महाधिवक्त्यांनी दिला. अखेर मार्चअखेर तेही बाजूने आले.

मार्चमध्ये कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने एका हद्दपारीच्या खटल्यात स्पष्ट केले की न जन्मलेल्याला घटनेत 40.3.3 खेरीज दुसरा कोणताही हक्क नाही. म्हणजे कलम गेले की मागच्या दाराने तेच बंधन परत येण्याची भीती संपली. तरीही सरकारने नुसते कलम न खोडता त्या जागी एक वाक्य ठेवले: गर्भधारणा संपुष्टात आणण्याच्या नियमनासाठी कायद्याने तरतूद करता येईल. दुसरी गोष्ट 27 मार्चची. आरोग्यमंत्री सायमन हॅरिस यांनी पुढे होणाऱ्या कायद्याचा आराखडा मतदानाच्या दोन महिने आधी छापून दिला. 12 आठवड्यांपर्यंत कारण न विचारता, मात्र डॉक्टरने नोंद केल्यावर तीन दिवस थांबून. त्यापुढे आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तर दोन डॉक्टरांच्या मताने. गर्भ वाचणारच नाही असे निदान असेल तर मर्यादा नाही. याआधी सार्वमतांत भीतीला वाव मिळे तो "याच्या जागी काय येणार" या प्रश्नात. या वेळी उत्तर कागदावर होते. विरोधकांनी त्याच कागदावर हल्ला केला, 12 आठवडे म्हणजे फारच मोकळीक असे सांगितले, आणि तो त्यांचा हक्कच होता. निदान दोन्ही बाजू एकाच मजकुरावर भांडत होत्या.

कलम हटवण्याच्या बाजूच्या संघटना मार्चमध्ये एका छत्राखाली आल्या. आल्वा स्मिथ, ग्रॉन्या ग्रिफिन, ऑर्ला ओ'कॉनर या तिघी प्रमुख. आल्वा स्मिथ 1983 च्या लढाईत हरलेल्यांपैकी होत्या. फलकांसाठी लोकांकडे 50,000 युरो मागितले. ते काही तासांत जमले आणि थोड्याच दिवसांत रक्कम पाच लाखांपुढे गेली. प्रचाराची भाषा त्यांनी जाणीवपूर्वक सौम्य ठेवली: काळजी, करुणा, बदल. चळवळीतल्या तरुण मुलींना ती मिळमिळीत वाटली. पण विजेच्या खांबांवर समोर जे फलक लटकत होते, इंग्लंडमध्ये पाचातल्या एका बाळाचा गर्भपात होतो असे सांगणारे, त्यांना तेवढ्याच आवाजात उत्तर न देण्याचे शहाणपण दारोदार फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडले. दारात उभी असलेली पन्नाशीची बाई हळू आवाजात आपली जुनी गोष्ट सांगू लागे, असा अनुभव कार्यकर्ते वारंवार सांगत होते. समाजमाध्यमांवर निनावी कथनांचा पूर लोटला.

विरोधी बाजूही मनापासून लढली. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचे पालक, काही डॉक्टर, ग्रामीण भागातले स्वयंसेवक त्यांच्यात होते. चर्चने 1983 इतका पुढाकार घेतला नाही. मधल्या काळात धर्मगुरूंनी केलेल्या मुलांच्या शोषणाचे अहवाल आले होते, आणि ट्यूम गावातल्या माता-बाल गृहाच्या आवारात पुरलेल्या अर्भकांच्या अवशेषांना 2017 मध्येच दुजोरा मिळाला होता. त्यानंतर व्यासपीठावरून बोलण्याचा चर्चचा अधिकार उरला नव्हता. 8 मे रोजी फेसबुकने परदेशातून येणाऱ्या जाहिराती बंद केल्या, दुसऱ्या दिवशी गुगलने सार्वमताच्या सगळ्याच.

त्याच वसंतात आणखी एक प्रकरण फुटले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सरकारी तपासणीत एका स्त्रीचा नमुना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने चुकीने निर्दोष ठरवला होता. ती होती विकी फेलन. चूक मागाहून लक्षात आली, पण तिला सांगितली गेली नाही. 25 एप्रिलला तिला 25 लाख युरोंची भरपाई मिळाली, आणि गप्प राहण्याच्या करारावर सही करायला तिने नकार दिला. त्यामुळे अशा दोनशेहून अधिक स्त्रिया असल्याचे बाहेर आले. आरोग्यसेवेच्या प्रमुखांना मतदानाच्या दोन आठवडे आधी जावे लागले. याचा सार्वमताशी कायदेशीर संबंध काही नव्हता. पण स्त्रीच्या शरीराबद्दलची माहिती आणि निर्णय तिला वगळून इतरांनी ठेवून घ्यायचे, हे दोन्हीकडे सारखेच होते, आणि त्या महिन्यात प्रत्येक घरात दोन्ही विषय एकाच वेळी बोलले जात होते.

बेळगावहून सविताच्या वडिलांनी चित्रफितीतून आयरिश मतदारांना आवाहन केले. आयर्लंडमध्ये सार्वमताला फक्त नागरिकांना मत असते, तिथे काम करणाऱ्या हजारो भारतीय परिचारिकांना आणि अभियंत्यांना ते नव्हते. उलट परदेशी गेलेल्या आयरिश तरुणांना टपाली मत नाही, म्हणून ते लंडन, टोरांटो, सिडनीहून तिकिटे काढून घरी आले. डब्लिनच्या विमानतळावर त्यांचे टाळ्या वाजवून स्वागत होत होते.

निकाल

25 मे, शुक्रवार. बेटांवरचे मतदान एक दिवस आधीच झालेले. शनिवारी मोजणी झाली: बाजूने 14,29,981, विरोधात 7,23,632. मतदान 64.1 टक्के. 40 पैकी 39 मतदारसंघांनी कलम हटवायला कौल दिला. फक्त डोनेगॉलने नाही म्हटले, तेही जेमतेम 51.9 टक्क्यांनी. 2015 मध्ये समलिंगी विवाहाला नकार देणारा एकमेव मतदारसंघ रॉसकॉमन-साउथ लीट्रिम होता. त्या भागानेही या वेळी होकार दिला. शहर विरुद्ध खेडे अशी फूट पडेल हा सगळ्या पंडितांचा होरा चुकला. फरक दिसला तो वयात: तरुणांत प्रचंड बहुमत, पासष्टीपुढे मात्र बहुमत विरोधात.

मतदानोत्तर चाचणीत आणखी एक गोष्ट पुढे आली. आपले मत प्रचाराआधीच ठरले होते, असे सांगणारे तीन चतुर्थांशांच्या घरात होते. मत कशामुळे बनले असे विचारले तेव्हा फलकांचा किंवा वादसभांचा उल्लेख थोड्यांनी केला, माध्यमांतून ऐकलेल्या आणि ओळखीतल्या स्त्रियांच्या अनुभवांचा कितीतरी अधिक जणांनी. सुरुवातीला मी तयारीबद्दल बोललो ती इथे दिसते. वर्षानुवर्षे साचलेली कथने आणि मॅलाहाइडच्या टेबलांवरून घराघरांत गेलेली साधी माहिती यांनी मते बनवली. मे महिन्याने ती फक्त मोजली.

डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात एका भिंतीवर सविताचे मोठे चित्र होते. त्या शनिवारी लोकांनी त्याच्याभोवती रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. माफ कर, असे कितीतरी चिठ्ठ्यांवर लिहिले होते. नव्या कायद्याला सविताचे नाव द्यावे असे तिच्या वडिलांनी म्हटले. ते झाले नाही.

मतपेटीनंतर

सार्वमताविरुद्धच्या याचिका निकाली निघून राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांची सही व्हायला 18 सप्टेंबर उजाडला. दरम्यान ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस येऊन गेले. 1979 मध्ये पोप जॉन पॉल यांच्यासाठी फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांवर लोक जमले होते. या वेळी पाच लाख प्रवेशिका गेल्या आणि मैदान बरेच मोकळे राहिले. वराडकरांनी पोपसमोरच चर्च आणि राज्य यांचे नाते नव्याने मांडायची भाषा केली. ऑक्टोबरमध्ये ईश्वरनिंदेचा गुन्हाही सार्वमताने घटनेतून गेला.

कायदा डिसेंबरमध्ये संसदेत मंजूर झाला. त्याआधी शिन फेन पक्षाचे पॅडर टोबीन पक्षादेश मोडून विरोधात गेले, निलंबित झाले आणि त्यांनी पुढे वेगळा पक्ष काढला. 20 डिसेंबरला सही आणि 1 जानेवारी 2019 पासून सेवा सुरू. इतकी घाई की अनेक रुग्णालयांत तयारीच नव्हती. 19 प्रसूती रुग्णालयांपैकी सुरुवातीला जेमतेम निम्म्यांत ही सोय होती. तरीही पहिल्या वर्षी देशात 6,666 गर्भपातांची नोंद झाली आणि इंग्लंड-वेल्सला जाणाऱ्या स्त्रियांची संख्या 375 वर आली.

375 जणींना का जावे लागले, हा प्रश्न उरतोच. काही बारा आठवडे उलटून गेलेल्या. काहींच्या गर्भात गंभीर व्यंग होते, पण जन्मानंतर 28 दिवसांत मृत्यू येईलच असे दोन डॉक्टर लिहून देऊ शकत नव्हते, आणि कायद्याची व्याख्या तेवढीच आहे. डॉक्टरवर फौजदारी कारवाईची टांगती तलवार नव्या कायद्यातही आहे. तीन दिवसांची सक्ती मधल्या मतदाराला धीर देण्यासाठी आराखड्यात आली असे मला वाटते. तिची किंमत गावात डॉक्टर नसलेल्या, रोजंदारीवर काम करणाऱ्या, घरी सांगू न शकणाऱ्या स्त्रिया मोजतात: दोनदा रजा, दोनदा प्रवास, आणि अकराव्या आठवड्यात असाल तर मुदत हुकण्याची धास्ती. बॅरिस्टर मारी ओ'शे यांनी कायद्याचा आढावा घेऊन 2023 मध्ये अहवाल दिला. ही सक्ती ऐच्छिक करावी आणि डॉक्टरांना गुन्हेगारी कलमांतून मोकळे करावे, अशा त्यांच्या शिफारशी आहेत. रुग्णालयांबाहेर निदर्शने करून स्त्रियांना अडवण्यावर 2024 मध्ये बंदी आली. ओ'शे यांच्या शिफारशी अमलात आणायला आता सार्वमत लागत नाही. घटनेतल्या त्या एका वाक्याने ते अधिकार संसदेला दिलेले आहेत, आणि साधे बहुमत पुरते.